सँडब्लास्ट आणि कोरीव पाइपाला मेण कसं लावायचं

तंबाखू ओढायचा पाइप गुळगुळीत असेल तर काम सरळ असतं. फिरत्या कापडी चाकाला कार्नाउबा मेणाची कांडी टेकवायची, पाइप चाकावर फिरवायचा, की चमक येते. हाच हात सँडब्लास्ट केलेल्या किंवा कोरलेल्या पाइपावर चालवला की घोटाळा होतो. चाक फक्त उंचवट्यांवरून पळतं, तिथला रंग घासून नेतं आणि मेण खाचांत ढकलतं. खाचेत चाक पोचत नाही, त्यामुळे तिथल्या मेणाला ना उष्णता मिळते ना घासणी. ते तिथेच थिजून पांढरं पडतं. काळ्या पाइपावर तर कुणी रांगोळी सांडल्यासारखं दिसतं.

म्हणून खरबरीत पाइपाला मेण कमी लागतं, उष्णता बेतानं द्यावी लागते आणि सगळं काम ब्रशवर सोपवावं लागतं.

हातात काय आहे ते ओळखा

असे पाइप ब्रायर लाकडाचे असतात. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी तयार होणारी गाठ. सँडब्लास्ट करताना तिच्यावर बारीक कणांचा जोरदार मारा करतात. मऊ लाकूड झडतं आणि वाढीची कठीण वलयं कंगोऱ्यांसारखी उभी राहतात. डनहिल या इंग्रजी कंपनीनं १९१७ साली ‘शेल’ या नावानं असे पाइप आणले, तेव्हापासून हा प्रकार रुजला. कोरीव म्हणजे रस्टिकेटेड पाइप वेगळा. त्याच्यावर टोकदार हत्यारानं किंवा मोटरच्या बिटानं मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात. खाचा जास्त खोल, कडा जास्त धारदार, आणि कापडाचे धागे हमखास त्यांत अडकणार.

दोन्हींत रंग बहुतेक वेळा दोन थरांत दिलेला असतो. आधी गडद रंग सगळीकडे, मग उंचवटे हलके घासून वर फिकट रंग. खाच काळी आणि कंगोरा लालसर दिसतो तो त्यामुळे. कंगोऱ्यावरचा रंग गेला की ही सगळी नक्षी सपाट वाटू लागते, आणि मेणानं ती परत येत नाही.

बऱ्याच कारखानी पाइपांवर रंगाच्या वर चपडा लाखेचा पातळ हात असतो. तो आहे का हे पाहायला कानकोरणीच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घ्या आणि शँकच्या (पाइपाच्या लाकडी दांड्याच्या) खालच्या बाजूला, स्टेमजवळ (तोंडात धरायच्या नळीजवळ), कंपनीच्या शिक्क्यापासून लांब टेकवा. कापूस चिकट लागला तर लाख आहे. नुसता रंग आला तर वर काही नाही. दोन्ही बाबतींत धडा एकच: सफाईसाठी बाहेरून स्पिरिट लावायचं नाही. रंगही त्यात विरघळतो आणि लाखही. अल्कोहोल फक्त आतल्या नळीसाठी, आणि तेव्हाही काठावर ओघळू द्यायचं नाही. पेंटच्या दुकानातलं निळसर स्पिरिट तर आतही नको. ते मुद्दाम विषारी केलेलं असतं.

आणखी एक जागा जपायची. शँकच्या बुडाशी जो चपटा गुळगुळीत पट्टा असतो त्यावर कंपनीचं नाव, आकाराचा क्रमांक, देश असं काही ठोकलेलं असतं. जुन्या पाइपाची ओळख आणि किंमत त्या पट्ट्यावर असते. चाकाचे चारदोन फेरे लागले तरी अक्षरं बुजू लागतात. आजोबांच्या कपाटातून निघालेला किंवा महूच्या एखाद्या फौजी घरातून हाती आलेला पाइप असेल तर त्या पट्ट्याला फक्त बोटानं मेण लावा आणि मऊ कापडानं पुसा.

कोणतं मेण

कार्नाउबा ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं आणि ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण ३५च्या आसपासच ते नरम पडू लागतं. इंदुरात मे महिन्यात पारा ४० ओलांडतो, म्हणजे नुसतं मधमाशीचं मेण लावलेला पाइप खिशात नुसता ठेवला तरी चिकट होणार, आणि पेटवला की हातालाच येणार. उलट नुसतं कार्नाउबा इतकं कडक असतं की हातानं ते खाचेत नीट पसरत नाही. म्हणून खरबरीत पाइपासाठी डबीत मिळणारं मऊ लेपासारखं मेण बरं.

आमच्या मते पहिली पसंती मायक्रोक्रिस्टलाइन, म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेल्या बारीक स्फटिकांच्या मेणाची. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतल्या कामातून तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स याच जातीचं. ते पातळ बसतं, बोटांचे ठसे धरत नाही आणि खाचेत राहिलं तरी फारसं पांढरं होत नाही. खास खरबरीत पाइपांसाठी केलेली कार्नाउबाची लेपमेणं परदेशातून मागवता येतात, ‘हॅल्सियन टू’ त्यातलं माहितीतलं नाव. डबी महाग वाटते, पण एका पाइपाला लागतं मुगाच्या दोन दाण्यांएवढं, त्यामुळे वर्षानुवर्षं पुरते.

घरी करायचं असेल तर २० ग्रॅम मधमाशीचं मेण, १० ग्रॅम कार्नाउबाचे तुकडे आणि ७५ मिलिलिटर शुद्ध टर्पेंटाइन. पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात स्टीलची वाटी ठेवून आधी कार्नाउबा वितळवा, मग मधमाशीचं मेण घाला. दोन्ही एकजीव झाले की गॅस बंद करा, आणि पातेलं वाटीसकट स्वयंपाकघराबाहेर, गच्चीत किंवा गॅलरीत न्या. टर्पेंटाइनची बाटली तिथेच असू द्या, ओट्याजवळ आणूच नका. मग बारीक धारेनं ओतत लाकडी काडीनं ढवळा. गार टर्पेंटाइन पडल्यावर मेणाच्या गुठळ्या होतात. घाबरू नका, वाटी गरम पाण्यातच असू द्या आणि ढवळत राहा, पुन्हा सारखं होतं. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ओता. टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंशांपासून पेट घेऊ शकते, म्हणजे इंदूरच्या उन्हाळी दुपारी ती खोलीच्या तापमानालाच धोकादायक असते. हे काम डिसेंबर-जानेवारीतच करावं.

मेणबत्तीचं मेण वापरू नका, ते पॅराफिन असतं आणि मळकट दिसतं. गाडीचं किंवा फर्निचरचं चकाकी देणारं पॉलिशही नको. त्यात बहुधा सिलिकॉन असतं, त्यावर पुढे मेणही बसत नाही आणि रंगही. खोबरेल, तीळ, ऑलिव्ह असली खायची तेलं काही दिवस छान दिसतात, मग खाचांत धूळ धरून वास मारू लागतात. जवसाचं तेल तर खाचेत सुकून डिंकासारखं घट्ट होतं आणि ते काढताना रंगही सोबत येतो.

साहित्य

घोड्याच्या केसांचा बुटाचा ब्रश, पण नवा, पॉलिश न लागलेला. मऊ टूथब्रश दोन: एक स्वच्छतेला, एक मेणाला, त्यांची अदलाबदल नाही. जुन्या धुतलेल्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा. केस वाळवायचा ड्रायर. बांबूच्या टूथपिक, टोक थोडं चावून बोथट केलेल्या. मायक्रोफायबरचं कापड कोरीव पाइपापासून लांब ठेवा, त्याचे तंतू कडांवर अडकून तुटतात आणि मग चिमट्यानं एकेक काढावे लागतात.

कापडी बफ (चमकवायची चाकं), केसाळ चाकं आणि मायक्रोमोटरची (हातात धरायच्या छोट्या मोटरची) ब्रशचाकं सोनारकामाचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. इंदुरात सराफ्याच्या आसपास चौकशी करा. मागताना ‘बिनशिलाईचा मऊ बफ’ असं सांगा. शिवलेला बफ कडक असतो, तो दागिन्यांसाठी. दुकानदार पितळी तारांचा ब्रश पुढे करेल, तो नको. चांदीला तो चालतो, रंगवलेल्या ब्रायरवर तो कंगोरे पांढरे करतो.

सफाई

पाइप निदान २४ तास ओढलेला नसावा. तो पूर्ण गार झाल्यावरच स्टेम हलकं पिळत काढा. गरम असताना काढलं तर शँक तडकायची भीती असते. बाउलमध्ये (तंबाखू भरायच्या वाटीत) आणि शँकच्या तोंडात कापसाचा बोळा घट्ट बसवा, म्हणजे पाणी आत जाणार नाही.

आधी कोरडा टूथब्रश, खाचांच्या दिशेनं. धूळ निघाली की एका वाटीत २०० मिलिलिटर कोमट पाणी आणि बाळाच्या शॅम्पूचे दोन थेंब. ब्रश बुडवा, झटका, मग कापडावर टेकवून आणखी ओल काढा. इतकं करूनही तो थोडा ओला असतो, तेवढंच हवं. बाउलचा चतुर्थांश भाग घासा, लगेच पुसा, मग पुढचा. काठावरचं काळं डांबर दोन-तीन वेळा ओलसर ब्रशनं नरम करत काढा. चाकूनं खरवडू नका. शेवटी साध्या पाण्याच्या ब्रशनं एक हात आणि पंख्याखाली २४ तास. जुलै-ऑगस्टमध्ये ४८ तास धरा. ओल आत राहिली आणि वर मेण चढलं की धुरकट पापुद्रा दिसतो आणि तो परत सगळं काढल्याशिवाय जात नाही.

जुनं मेण साचलेलं असेल तर पेंटवाल्याकडचं मिनरल टर्पेंटाइन म्हणजे एमटीओ घ्या. स्पिरिटापेक्षा ते सौम्य: मेण विरघळवतं, पण लाखेला हात लावत नाही. कापसाचा बोळा किंचित ओला करून टिपा, घासू नका, आणि बोळा सतत बदला. काळ्या पाइपावरून बोळ्यावर थोडी काळी छटा येणं ठीक आहे. भरपूर यायला लागली तर थांबा.

मेण चढवणं

ड्रायर मंद आचेवर, २०-२५ सेंटिमीटर लांब, पाइप हातात फिरवत ३० ते ४० सेकंद. अंदाज हाताचा: चहाचा कप ओठाला लावण्याजोगा झाल्यावर जसा लागतो तसं लाकूड लागलं पाहिजे. हात लावता येत नाही इतकं गरम म्हणजे जास्त झालं, लाखेवर फोड येतील. स्टेम बाजूलाच राहू द्या. इबोनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या रबराच्या स्टेमला उष्णता लागली की त्याची वळणं सरळ होऊ लागतात. पाइप उन्हात तापवू नका, उन्हानं इबोनाइट हिरवट तपकिरी पडतं.

आता मुगाच्या दाण्याएवढं मेण बोटाच्या टोकावर घ्या आणि बोटांतच चोळून पारदर्शक करा. सँडब्लास्टवर बोटानंच लावा: आधी गोल गोल, मग कंगोऱ्यांच्या दिशेनं. एका दाण्यात अर्धा बाउल झाला पाहिजे. होत नसेल तर पाइप गार झालाय, ड्रायर परत फिरवा, मेण वाढवू नका. इथे बहुतेकांचा हात सुटतो. खाच मेणानं भरायची नसते. खाचेच्या भिंतींना फक्त ओलसर झाक आली पाहिजे. उजेडाकडे तिरपा धरून बघा. खाचेच्या तळाशी पिवळट किंवा दुधाळ रेघ दिसली तर मेण जास्त झालंय, लगेच कोरड्या टूथब्रशनं उचला.

खोल कोरलेल्या पाइपाला बोट पुरत नाही. मेणाचा टूथब्रश डबीत बुडवू नका. तळहातावर एक दाणा पसरा, ब्रश त्यावर टेकवा आणि मग पाइपावर ठोकत ठोकत लावा. घासलं तर मेण कडांवर जमतं, ठोकलं तर तळापर्यंत जातं.

किती थांबायचं हे मेणावर आणि हवेवर अवलंबून. मायक्रोक्रिस्टलाइन दोन-तीन मिनिटांत घासता येतं. पाण्यातलं किंवा टर्पेंटाइनमधलं लेपमेण १५ ते २० मिनिटं, पावसाळ्यात अर्धा तास. बोट टेकवल्यावर ओढ जाणवू नये, थोडीशी कोरडी घसर जाणवावी.

मग बुटाचा ब्रश. मनगट सैल, दाब जवळजवळ नाही, वेग चांगला. आधी खाचांच्या दिशेनं, मग आडवा, मग पुन्हा उभा, असे ६०-८० हात. केसांची टोकं खाचेत शिरून बाहेर पडली पाहिजेत. दाबलं की केस आडवे होतात आणि नुसते कंगोऱ्यांवरून सरकतात, म्हणजे परत चाकाचीच चूक. ब्रश फिरला की मंद, रेशमी झळाळी येते. खरबरीत पाइपाची चमक तशीच असावी, आरशासारखी नव्हे. शेवटी सुती कापड दोन हातांत ताणून धरा आणि कंगोऱ्यांवरून बूट चमकवतात तसं दहा-बारा वेळा ओढा. कोरीव पाइपाला हे कापडसुद्धा नको, ब्रशवरच थांबा.

दुसरा हात हवा असेल तर सहा-आठ तासांनी, पहिल्याच्या निम्म्या मेणात. तिसऱ्यानं फक्त खाचा भरतात.

चाक वापरायचंच असेल तर

उथळ सँडब्लास्टवर कार्नाउबा चाकानं चालतं, जपून. भारतात चार पोलची मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे मारते, तिला ६ इंची सैल फ्लॅनेलचा बफ ठीक. बाजारातले बेंच ग्राइंडर बहुतेक २८०० फेऱ्यांचे असतात. त्यावर तोच ६ इंची बफ लावला तर काठाचा वेग दुप्पट होतो आणि रंग जळतो. अशा मशीनला ३-४ इंची बफच लावा.

फिरत्या चाकाला मेणाची कांडी एक सेकंद टेकवा, एवढंच. पाइप आधी ड्रायरनं कोमट केलेला असू द्या आणि चाकाच्या मध्यरेषेच्या खाली, तुमच्याकडच्या बाजूला धरा, चाक तिथे वरून खाली फिरत असलं पाहिजे. चाकानं पाइप हिसकावला तर तो टेबलाकडे जातो, तोंडाकडे येत नाही. खाली आणि मागे दुहेरी गोधडी पसरा, आपटून शँक तुटण्याचे प्रकार गोधडीनं टळतात. लोंबती बाही, ओढणी, गळ्यातली साखळी काहीही नको. पाइप सतत फिरता ठेवा, एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही. चाकानंतर ड्रायर आणि बुटाचा ब्रश हवाच, खाचेतलं मेण तेव्हाच बसतं.

मायक्रोमोटर असेल तर छोटं केसाळ चाक मंद गतीवर, ३००० ते ५००० फेऱ्यांवर, फक्त वाढीव मेण उचलायला वापरा.

बिघाड आणि उतारा

पांढरे ठिपके: ड्रायर २० सेकंद, लगेच ब्रश. तळाशी चिकटलेला कण बोथट टूथपिकनं उचला, टाचणीनं नाही. टाचणीचा ओरखडा मेणानं झाकला जात नाही.

हाताला चिकटतो: मेण जास्त, किंवा मधमाशीच्या मेणाचं प्रमाण जास्त. कोमट करा, सुती कापडात गुंडाळून दाबा, कापडाची जागा बदलत राहा. तरी राहिलं तर एमटीओ.

पहिल्याच वापरानंतर निस्तेज: ओढताना बाउल तापतो, नरम मेण लाकडात मुरतं किंवा हाताला येतं. थोडं होणारच. दर वेळी सगळी चमक जात असेल तर पुढच्या वेळी मायक्रोक्रिस्टलाइन किंवा जास्त कार्नाउबाचं मेण घ्या.

हाताला रंग लागतो: रंगावर लाख नाही, आणि रंग नीट सुकलेला नाही. आठवडाभर राहू द्या, मग मायक्रोक्रिस्टलाइनचा एकच पातळ हात.

कंगोरे टकले दिसतात: स्पिरिटात विरघळणारा लाकडाचा रंग चार भाग स्पिरिटात एक भाग पातळ करा, कानकोरणीच्या कापसानं फक्त फिकट जागांना टेकवा, रात्रभर सुकवा, मग मेण. एका वेळी गडद करू नका, रंग वाढवता येतो, कमी करताना सगळं पुसावं लागतं.

टर्पेंटाइनचा वास येतो: हवेशीर जागी एक-दोन दिवस ठेवा. वास पूर्ण जाईपर्यंत पेटवू नका.

मीरशॉम म्हणजे समुद्रफेसासारख्या पांढऱ्या दगडाच्या पाइपाला यातलं काहीही लागू नाही. त्याला शुद्ध पांढरं मधमाशीचं मेणच लागतं, आणि तेही वेगळ्या रीतीनं.

स्टेम आणि पावसाळा

स्टेम वेगळं चमकवा. इबोनाइटचा हिरवट थर ८००, १००० आणि २००० नंबरच्या वॉटर पेपरनं, पाण्यात बुडवत काढा, मग प्लास्टिक पॉलिश. शँकला टेकणारी कड गोल होऊ नये म्हणून दह्याच्या डब्याच्या झाकणातून एक चकती कापा, मध्ये टेननएवढं (स्टेमचं जे टोक शँकमध्ये बसतं त्याएवढं) भोक पाडा, आणि ती स्टेमवर चढवून मग घासा. शँक आणि स्टेमचा सांधा जितका धारदार, तितका पाइप नवा दिसतो.

रोज ओढला जाणारा पाइप कोमट असतानाच कापडानं पुसला तर वर्षातून दोनदा मेण पुरतं. एकदा जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, आणि एकदा दिवाळीनंतर. पावसाळ्यात बंद कपाटात खरबरीत पाइपावर बुरशी सगळ्यात आधी खाचांत दिसते, राखाडी मऊ लवेसारखी. सिलिका जेलची पुडी ठेवा, दर पंधरवड्याला कोरडा टूथब्रश फिरवा आणि पाइप प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती थैलीत ठेवा. बुरशी आलीच तर घराबाहेर, तोंडाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशनं झाडा, मग वरची सफाई, ४८ तास वाळवण, आणि त्यानंतरच मेण.